हत्यारांच्या फळीवरचा पांढरा पेचकस

मी एक जुना पेचकस आहे. माझी मूठ पिवळी होती, आता ग्रीसनं काळी झाली आहे. टोक जरासं वाकडं आहे आणि जीभही. त्यामुळं मित्रांनो, मी गोडगोड काही सांगेन अशी आशा धरू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मुठीवर नाव होतं, ते दशरथच्या तळव्यानं पुसून टाकलं. दशरथ म्हणजे माझा मालक. चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे. तिथं भिंतीला एक मोठी फळी ठोकलेली आहे. एके काळी ती पांढरी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक हत्यार. माझा खिळा पक्कड आणि बारा नंबरच्या पान्याच्या मधे होता. मोक्याची जागा होती ती. गिऱ्हाइकाचं लक्ष आधी माझ्यावर जायचं.

उमेदीच्या काळात मी फार कामाचा होतो. दशरथ न बघता हात मागं करायचा आणि मीच त्याच्या हातात यायचो. पण माणूस एकदा हत्यारावर खूश झाला की त्याच्याकडून नको ती कामं करून घेतो. गंजलेला नट फोडायला छिन्नी सापडली नाही, की मला टेकवून वरून हातोडी. डोक्यात घाव बसून बसून माझी मूठ तडकली. टोक वाकलं तेव्हा गॅसच्या ज्योतीत लाल करून ठोकून सरळ केलं. तेही अर्धवटच. आणि एका टेंपोचा फुटका स्पीकर खोलला, त्यातला गोल लोहचुंबक त्यानं माझ्याच खिळ्याला अडकवला. अख्खा पावसाळा आम्ही एकमेकांना चिकटून काढला.

यातलं आधी काय झालं आणि मग काय, ते मला विचारू नका. मार खाणारा क्रम लक्षात ठेवत नाही.

पुढं एक दिवस स्क्रू माझ्या टोकाला आपोआप लटकला. आधी कौतुक झालं. "हा बघा, स्क्रू खाली पडू देत नाय," असं दशरथ सगळ्यांना दाखवायचा. मग माझ्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटायला लागला. मला दाढी आली म्हणा ना. ती दाढी एका मोटारसायकलच्या इंजिनात गेली आणि कौतुक तिथंच संपलं.

"बिघडला हा," दशरथ म्हणाला.

लोधिवलीचा किशोर तेव्हा तिथंच होता. तो टेंपो घेऊन भंगार गोळा करतो आणि चहा मात्र दशरथकडे पितो. "स्पीकरच्या चुंबकानं याला नादाला लावला," तो म्हणाला.

"नाय रं. हातोडीनं झालंय. घाव खाऊन लोखंड असं होतं, माझा उस्ताद सांगायचा."

"तुझ्या उस्तादाला गाडीचा रिव्हर्स गियर सापडत नव्हता."

"आणि तुला तुझा स्वतःचा टेंपो सापडत नव्हता, कुंभिवलीच्या लग्नात."

भांडण तिथंच राहिलं, चहा थंड झाला. उत्तर काही निघालं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरचा तो सण. सगळी हत्यारं डिझेलमध्ये धुऊन पाटावर मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडू वाहतात. वर्षभर मारहाण आणि एक दिवस पूजा, हा माणसांचा जुना रिवाज आहे. त्या सकाळी दशरथनं एकेकाला आंघोळ घातली. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझी दाढी बघितली आणि भंगार न्यायला आलेल्या किशोरच्या पोत्यात मला टाकलं. फुटका जॅकसुद्धा पाटावर बसला, मित्रांनो. मी मात्र पोत्यात. त्या दिवशी मला माणसांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. टेंपो सुरू झाला आणि मी गॅरेजमधून बाहेर पडलो.

पुढचं मला जागृतीच्या तोंडून कळलं. जागृती ही दशरथची मुलगी, नववीत शिकते. तिची मैत्रीण वनिता डोंगराकडच्या वाडीवरून येते. दोघी झेंडूच्या माळा घेऊन आल्या तेव्हा दशरथ पांढऱ्या रंगाचा डबा फोडून फळीपाशी उभा होता. हत्यारं पाटावर, फळी मोकळी. रस्त्यावरच्या गाड्यांच्या काजळीनं ती काळीकुट्ट झाली होती. पण जिथं जिथं हत्यार टांगलेलं असायचं, तिथं काजळी पोचली नव्हती. पान्याच्या मागं पांढरा पाना, पकडीच्या मागं पांढरी पक्कड.

"पप्पा, थांबा. ब्रश लावू नका."

"सणाला काळी फळी ठेवू का गं?"

"वने, हे बघ. चंद्र."

वनिता पुढं आली आणि हसायलाच लागली. दोघी महिनाभर याच अडचणीत होत्या. खालापूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी चंद्रावरची चुंबकी ठिकाणं हा विषय घेतला होता. चंद्राला आज पृथ्वीसारखं सबंध चुंबकत्व नाही, पण अंगावर इथं तिथं चुंबकाची ठिगळं आहेत. त्यातल्या काही ठिगळांवर दुधाच्या ओघळासारखी पांढरी नक्षी दिसते. सूर्यावरून बारीक कणांचा वारा सुटतो, तो चंद्राची माती हळूहळू काळवंडून टाकतो. ठिगळावरचं चुंबकत्व तो वारा अडवत असावं, म्हणून तिथली माती उजळ राहते, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. एवढं दोघींना पाठ होतं. पण डोळ्यांना दाखवायचं कसं ते सुचत नव्हतं. सूर्याचा वारा दिसत नाही. काजळी मात्र चौकात कुणालाही दिसते, आणि तिला अडवणारं हत्यारही.

"आणि पक्कड नि पान्याच्या मधे कोण होतं?" वनितानं विचारलं. तिथं एक पांढरा पेचकस उमटलेला होता आणि पाटावर त्याच्या मापाचं कुणीच नव्हतं.

"तो भंगारात दिला. त्याच्यात चुंबक शिरलंय."

"काका, चुंबक शिरलेलाच तर पायजे आमाला," वनिता म्हणाली आणि दोघी रस्त्यानं पळत सुटल्या.

किशोरचा टेंपो पुढच्या वडापावच्या गाडीपाशी उभा होता. जागृतीनं सरळ पोत्यात हात घातला.

"अगं, सणासुदीला भंगार परत घेत नसतात," किशोर तोंडात घास धरून म्हणाला.

मी वर आलो तो वऱ्हाड घेऊनच. टोकाला दोन वॉशर, एक टाचणी आणि भरघोस दाढी. इतका ओंगळ मी कधीच दिसलो नव्हतो, आणि इतक्या आनंदानं मला कुणी कधी बघितलंही नव्हतं.

डिसेंबरात आम्ही खालापूरला गेलो. फळी किशोरच्याच टेंपोतून गेली. परीक्षक आले, फळी बघितली, मान डोलावली. मग विचारलं, "चंद्रावर ही ठिगळं आली कशामुळं?"

जागृतीनं सांगितलं. पूर्वी चंद्राच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळत असावं आणि तेव्हा चंद्रच चुंबक असावा. तेव्हाचे तापलेले खडक थंड होताना ती खूण अंगात धरून बसले असतील. किंवा बाहेरून लोखंडी उल्का आदळल्या आणि त्यांचे तुकडे तिथंच राहिले असतील. किंवा वर येऊ न शकलेला लाव्हा जमिनीखालीच थिजला असेल.

"यातलं खरं कोणतं?"

शाळेत तिला बजावलं होतं की एकच कारण ठळक अक्षरांत लिहायचं, नाहीतर मार्क जातात. मी तिच्याच मुठीत होतो. मित्रांनो, गाईडातलं एक उत्तर फेकून सुटणं फार सोपं असतं.

"अजून ठरलं नाही, सर," ती म्हणाली.

"मग प्रयोग अपुरा राहिला."

तेव्हा वनितानं मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावरच्या टाचण्यांवर धरलं. टाचण्या उड्या मारून आल्या. "सर, हा रोज हिच्या पप्पांच्या हातात होता. मार खाल्ला, भाजला, चुंबकाशेजारी झोपला. याच्यात चुंबक कशानं आलं ते अख्ख्या चौकाला ठरवता येत नाय. आधी मार की आधी भाजणं, तेपण कुणाला आठवत नाय. भाजल्यावर तर आधीचं चुंबक पुसूनच जातं. चंद्र तर केवढा लांब हाय."

परीक्षक हसले. मग त्यांनी मला स्वतःच्या हातात घेतलं आणि टाचण्यांवर पुन्हा पुन्हा धरून बघत राहिले. रांग मागं खोळंबली.

पहिला नंबर लाल पाण्याच्या ज्वालामुखीला मिळाला. तो दरवर्षी त्यालाच मिळतो, माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही. पण फळी परत आली तेव्हा दशरथ रंगाचा डबा शेजाऱ्याला देऊन बसला होता. त्यानं माझा खिळा पुन्हा ठोकला. मी माझ्या पांढऱ्या आकारात बसलो, इंचभरही फरक न पडता.

आता कुणी नवं गिऱ्हाईक आलं की दशरथ मला काढून स्क्रू लटकवून दाखवतो. "कशानं झालं असंल हे, सांगा." ते काहीबाही सांगतात. तो मान हलवतो आणि ऐटीत म्हणतो, "ठरलं नाय अजून. चंद्राचंपण नाय ठरलं."

तेव्हा मित्रांनो, हत्याराला हातोडीनं मारू नका, काम झालं की पुसून जागेवर ठेवा. आणि एखाद्याला बिघडला म्हणून फेकायचंच असेल, तर आधी त्याची जागा नीट बघून घ्या. मी खिळ्यावर असतो तेव्हा माझ्यामागचं पांढरं कुणाला दिसत नाही. मला काढलं की दिसतं.