पाठीवरची जागा

मी पाठीवरची सॅक बोलतेय. निळी, दोन पट्ट्यांची, चार कप्प्यांची. आधीच सांगून ठेवते, मी जळकुकडी आहे. तेव्हा माझं बोलणं जरा त्या हिशेबानेच ऐका.

कारखान्यात मला शिवणारी बाई शेजारणीशी गप्पांत रंगली होती. डावी पट्टी चुकली म्हणून तिने ती उसवून दोनदा शिवली. त्या दुहेरी शिवणीमुळेच मी इतकी वर्षं टिकले. दुकानातून मला भूगोलाच्या एका मास्तरांनी उचललं आणि अकरा वर्षं त्यांची पाठ हेच माझं घर होतं.

मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, मूलबाळ नव्हतं. सुट्टी लागली की निघायचं, हे एकच वेड. मास्तर प्रत्येक सफरीचा तक्ता आखायचे. दोन दिवस एक गाव, तिसऱ्या दिवशी सकाळी पुढचं. चढावर त्यांच्या घामाने मी चिंब व्हायचे आणि मला ते आवडायचं, आता लपवून काय करू.

मग टिल्ली आली. साडेचार वर्षांची, अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली, अंगाने नुसती काडी. तिला चांगलं लांबलचक नाव आहे, पण मी टिल्लीच म्हणणार. येताना दोन फ्रॉक आणि एक बुटांचा जोड, एवढाच तिचा संसार. चार महिन्यांत तिचा पासपोर्ट हातात पडला आणि मास्तरांना काय करू नि काय नको असं झालं. लेकीला जग दाखवायचं होतं ना! सात गावं, पंधरा दिवस. तक्ता तयार.

परदेशातल्या पहिल्याच चौकात टिल्ली महाराणींचे पाय दुखले. मास्तरांनी मला काढून बाईंच्या हातात दिलं आणि तिला पाठीवर घेतलं. माझ्या जागेवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई मला एका पट्टीला धरून फरफटवत होत्या आणि ही वर मास्तरांचा गळा आवळून, डोळे मिटून बसलेली. मनोरा आला, पाहिला नाही. कारंजी आली, पाहिली नाहीत. एवढी चांगली जागा नुसती वाया.

माझ्या पोटातही तिचंच राज्य. नकाशाच्या कप्प्यात ओले रुमाल आणि बिस्किटांचा चुरा. शिवाय ती चोरून पावाचे तुकडे माझ्या आतल्या खिशात कोंबायची. मी म्हटलं, हावरट कुठली. कळू देत मास्तरांना लाडकीचे गुण.

प्रत्येक हॉटेलात शिरलं की ती पलंगाला हात लावून विचारायची, इथे कोण राहतं? आपणच, दोन दिवस, असं मास्तर हसत सांगायचे. ती लगेच हात काढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी सामान आवरायला घेतलं की तिचा चेहरा पांढराफटक. बाईंना वाटलं, प्रवास सोसत नाही. मास्तर म्हणाले, होईल सवय. मला विचाराल तर नखरे.

चौथ्या गावातून निघायच्या सकाळी टिल्ली सगळ्यांच्या आधी उठली. मला ओढत आणलं, आतलं सगळं काढून खुर्चीवर नीट रचून ठेवलं. मग आपले जुने दोन फ्रॉक माझ्यात भरले. बाईंनी घेतलेल्या नव्या कपड्यांना, बाहुलीला हातही लावला नाही. जुने बूट घातले, तेही उलटसुलट, आणि मला मांडीवर घेऊन दाराशी बसली.

बाईंना जाग आली. हे काय गं, त्यांनी विचारलं.

"मी तयार आहे," टिल्ली म्हणाली. "आज मला कोणाच्या घरी ठेवणार? तिथे पाव मिळेल ना?"

बाई तिथेच खाली बसल्या. दर दोन दिवसांनी नवं घर, नवा पलंग. पोरीला वाटत होतं, कुणी ठेवून घेतंय का म्हणून ही दोघं तिला दारोदार फिरवताहेत. मला तर आधीच कळायला हवं होतं, पाव माझ्याच खिशात होता. पण मी जळण्यात गुंग.

त्याच संध्याकाळी आम्ही परतीच्या विमानात बसलो. "आता घरी जायचं, आणि तिथेच राहायचं," मास्तर तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. तिचा विश्वास काही बसला नाही. घरी तिने ते जुने बूटही माझ्यात ठेवले, आणि बाई मला रिकामी करायला आल्या तर मला घट्ट कवटाळलं. राहू दे म्हणाल्या बिचाऱ्या.

तेव्हापासून मी तिच्या पलंगाखाली, फ्रॉक आणि बूट पोटात घेऊन. शाळेतून आली की आधी वाकून मला बघायची, मग बाईंकडे जायची. आधी मला! अकरा वर्षांत मला असं कुणी जपलं नव्हतं. दीड वर्ष मी नुसती मिरवत होते. कधी ती वाकायच्या आधीच बाईंकडे पळाली की माझा जळफळाट व्हायचा.

आज दुपारी तिने मला बाहेर ओढलं, आतलं सगळं काढलं. फ्रॉक अंगाला लावून पाहिला, तो कुठल्या कुठे आखूड.

"आई, हे लहान झालेत मला," ती आतून ओरडली. "देऊन टाक कुणाला तरी."

आणि गेली खेळायला. माझी चेनसुद्धा लावली नाही.

बाई धावत आल्या, मला रिकामी पाहिलं आणि मास्तरांना हाक मारली. आता दोघं माझ्याशेजारी फरशीवर बसून डोळे पुसताहेत. बरोबर आहे त्यांचं. मलाही बरं वाटतंय, अगदीच नाही असं नाही.

मास्तर, मला माळ्यावर टाका, नाहीतर त्या फ्रॉकांबरोबर देऊन टाका, माझी ना नाही. फक्त एक करा. तिच्या पलंगाखाली दुसरं काही ठेवू नका. ते मला बघवणार नाही.