ताईंचा डावा हात

आमच्या चर्चमध्ये बावन्न वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सगळी मंडळी ताई म्हणते. पाळकसाहेब त्यांच्या नातवाच्या वयाचे, तेही ताई म्हणतात. नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत, त्याही. एवढ्या वर्षांत आपण एकही सूर चुकवला नाही, असं ताई स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. आम्ही म्हणायचो, आणि त्या नाही म्हणत नसत.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना ऑर्गन वाजवायचा नव्हता, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो सौम्यच. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, बोलण्याला तर उलट धार आली. पण डाव्या हाताची बोटं काही वळणावर येईनात. एका पट्टीवर जा म्हटलं की हटकून शेजारच्या पट्टीवर जाऊन बसायची, आणि उठ म्हटलं की उठायची नाहीत.

त्यामुळे पानं उलटायला कोणीतरी हवं झालं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि सूर चुकला तर कळतही नाही. अशा माणसाची ताईंना भीती वाटली नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

भीती वाटावी असे एकच गृहस्थ होते, घड्याळवाले, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. माणूस देवभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून कुठे काय चुकतंय ते बघत बसलेला. ताई नुसत्या उजव्या हाताने वाजवू लागल्या, तेव्हा गाणी पोकळ वाटायला लागली, हे मलासुद्धा कळलं. घड्याळवाल्यांना तर पहिल्याच ओळीला कळलं. पुढच्याच रविवारी ते एक मशीन घेऊन आले. पेटीएवढं होतं. त्यात तीनशे बारा गीतं भरलेली होती, आणि बटण दाबलं की कुठलंही वाजायचं.

पहिल्या चाचणीत मशीनने चार कडवी वाजवली आणि ते थांबलं. गीत पाच कडव्यांचं होतं. पाचवं कडवं मंडळीने उघड्यावर पडल्यासारखं म्हटलं.

"मशीन चुकत नाही," घड्याळवाले म्हणाले. "कडवं जास्तीचं आहे."

पाळकसाहेबांनी मध्यममार्ग काढला. महिनाअखेरच्या रविवारी ताईंनी वाजवावं. जमलं तर ताई, नाही तर मशीन. "ताई, तुम्हाला चालेल ना?" त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की नाही म्हणायला ताईंना ते आधी ऐकू यायला हवं होतं.

त्या दिवशी घरी येताना जिन्यात ताई कठड्याला धरून थांबल्या. म्हणाल्या, "शेजारी, त्या बाकावरून उठले तर मी बसू कुठे हो? बावन्न वर्षांत मी मंडळीत बसलेच नाहीये. तिकडून चर्च कसं दिसतं तेसुद्धा मला माहीत नाही."

मी म्हटलं, "चांगलं दिसतं." याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही.

ताईंचे धाकटे भाऊ त्यांच्याबरोबरच राहतात. वय सत्तर, लग्न राहून गेलेलं. मंडळीत त्यांना बंधुराज म्हणतात, आणि फारसं प्रेमाने म्हणत नाहीत. त्यांनी पंचेचाळीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये जॅझ वाजवलं. त्यांचं वाद्य डबल बास, म्हणजे व्हायोलिनचा थोरला चुलता. माणसापेक्षा उंच आणि चार माणसांची जागा अडवणारं. ताई त्याला म्हैस म्हणत. "तुझी म्हैस दारातून हलव, मला दूध आणायला जायचंय," हे वाक्य मी छतातून अनेक वेळा ऐकलं आहे. बंधुराज चर्चमध्ये क्वचित येत, शेवटच्या बाकावर बसत आणि प्रवचनाच्या आधी झोपत. शनिवारी रात्रभर वाजवायची सवय. बँड बंद होऊन सात वर्षं झाली, पण झोपेला कुणी कळवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ताईंनी मला वर बोलावलं. घरात छोटी पायपेटी आहे, तिच्यासमोर ताई, आणि खिडकीपाशी म्हशीला टेकून बंधुराज.

"याचं डोकं फिरलंय," ताई म्हणाल्या. "म्हणतो, तुझा डावा हात मी वाजवतो."

"डाव्या हातात असतं काय? खालचे सूर," बंधुराज मला म्हणाले. "ही जन्मभर खालच्याच सुरांत राहिलीय." त्यांनी वाद्यावर थाप मारली. "हिला घरचंच काम आहे."

"आणि लिहिलंय तेच वाजवशील?"

"तेच वाजवीन."

"गजाने. व्हायोलिन घासतात तसं. बोटांनी छेडून तारा तोडायच्या नाहीत. ते तुमच्या हॉटेलात."

"गजाने."

"शपथ घे."

"पवित्र शास्त्रात शपथ घेऊ नका म्हटलंय ना?"

ताईंनी डोळे वटारले. पण पायपेटीचा भाता भरायला लागला होता, म्हणजे होकार होता.

तीन आठवडे रोज चार वाजता तालीम झाली. बंधुराज पहिलं कडवं अगदी लिहिल्याबरहुकूम वाजवायचे. दुसऱ्यात एखादा सूर रेंगाळायचा. तिसऱ्यात गज कुठेतरी फिरायला निघून जायचा आणि ताईंचा उजवा हात हवेत थांबायचा.

"कुठे गेलास?"

"इथेच होतो. जरा वळसा घेतला."

"वळसा छापलाय का वहीत?"

"ताई, एकच गोष्ट पाच वेळा तश्शीच सांगितली तर ऐकणारा उठून जातो गं."

"देव उठून जात नाही."

"म्हणून तुम्ही त्याचा अंत बघता."

मी पान उलटलं. त्याची वेळ झाली नव्हती, पण खोलीत काहीतरी हलायला हवं होतं.

एकदा चहाच्या वेळी ताईंनी विचारलंच. "तुमच्यात करतात तरी काय रे? पंचेचाळीस वर्षं केलंस, मी कधी विचारलं नाही."

बंधुराजांनी कप खाली ठेवला. "सगळे मिळून एक गाणं वाजवतो. मग एकेकजण गाणं सोडून निघतो. कुठे जाणार ते त्यालाही माहीत नसतं. बाकीचे खाली राहतात, धरून. पडला तर झेलायला. फिरून झालं की परत येतो आणि सगळे पुन्हा तेच गाणं वाजवतात."

"आणि नाही झेललं तर?"

"असं झालं नाही कधी. म्हणजे झालं, पण त्याला मग बँडमधून काढला. न झेलणाऱ्याला. पडणाऱ्याला नाही."

ताईंनी आपला चहा संपवला. मग म्हणाल्या, "आमच्यात याला विश्वास म्हणतात. फक्त आम्ही तो बसून ठेवतो."

बंधुराज हसले नाहीत. "बाबांना मी विचारलं होतं," ते म्हणाले. त्यांचे वडील ताईंच्या आधी चर्चचे ऑर्गनवादक होते. "अठरा वर्षांचा होतो. म्हटलं, एकदा चर्चमध्ये वाजवू द्या. म्हणाले, देवापुढे पाठ असेल तेवढंच म्हणायचं. म्हणून गेलो हॉटेलात. पण ताई, तिकडेही मी रोज प्रार्थनाच करत होतो. समोर लोक जेवत होते एवढंच."

ताईंनी त्यांच्या कपात न विचारता अजून चहा ओतला. डाव्या हाताने. निम्मा बशीत गेला. बंधुराज तो बशीतूनच प्यायले.

महिनाअखेरच्या रविवारी टेम्पोतून म्हैस चर्चमध्ये आली. मंडळी माना वळवून बघत होती. एका आजींनी विचारलं, "कुणाची शवपेटी आहे?" घड्याळवाले पहिल्या बाकावर, मांडीवर मशीन, मशीनची वायर गुंडाळून हातात. तयारीत असलेला माणूस. आणि खरं सांगायचं तर ते वाईट माणूस नव्हते. गीत नीट व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. ताईंनाही तेच हवं होतं, म्हणून तर पंचाईत होती.

पहिलं गीत नीट पार पडलं. उजवा हात ताईंचा, खालचे सूर बंधुराजांचे, गजाने, एकही वळसा नाही. चर्चची जमीन पायाखालून हळूच गुणगुणतेय असं वाटत होतं. दुसरं त्याहून बरं. घड्याळवाल्यांनी वायरचा एक वेढा सोडला होता, तो परत गुंडाळला.

तिसरं गीत शेवटचं, संथ, चार कडव्यांचं. तीन झाली. चौथ्यासाठी मी पान उलटलं आणि बघतो तर ताईंचा डावा हात मांडीवरून उठतोय. ठरलं नव्हतं. तालमीत एकदाही झालं नव्हतं. पण बावन्न वर्षांची सवय. शेवटच्या कडव्याला ताई नेहमी दोन्ही हात भरून वाजवायच्या. मला वाटतं त्यांना वाटलं असेल, सगळं इतकं चांगलं चाललंय, तर हातालाही येऊ द्यावं.

बोटं उतरली, आणि शेजारच्या पट्टीवर बसली.

मला चुकलेला सूर कळत नाही हे मी सांगितलंच आहे. हा कळला. दार बोटावर बंद व्हावं तसा आला, आणि बोट उठेना म्हणून राहिला. मंडळी ओळीच्या मध्यावर अडखळली. घड्याळवाल्यांची मान वर झाली. ताईंनी उजव्या हाताने डावा हात उचलून बाजूला केला, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. भाता अजून श्वास टाकत होता. त्यांचा चेहरा मी बघितला आणि बघितला नसता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खालून तोच सूर आला.

बंधुराजांनी गज खुर्चीवर ठेवून दिला होता. बोटांनी, शपथ मोडून, त्यांनी ताईंचा चुकीचा सूर वाजवला. चोरून नाही, ठणठणीत. एकदा वाजवला, थांबले, पुन्हा वाजवला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तो चुकीचा वाटेना. वाटलं, गीत इथे मुद्दामच वळलं होतं, आपल्यालाच ठाऊक नव्हतं. मग ते तिथून एक पायरी खाली आले. मग आणखी एक. घाई नाही. आंधळ्या माणसाला जिना उतरवावा तसे, प्रत्येक पायरीवर थांबत. आणि मूळ सुरावर येऊन उभे राहिले आणि तोच सूर वाजवत राहिले. कुणाची तरी वाट बघत.

ताईंनी मान वळवून भावाकडे पाहिलं. मग डावा हात उचलला आणि तीच पट्टी दाबली. या वेळी जाणूनबुजून. बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

बंधुराज पुन्हा तोच जिना उतरायला लागले आणि वरून उजवा हात त्यांच्यासोबत उतरला. मंडळीला काय करावं कळेना, तेव्हा नव्वदीच्या आजींनी ओळ पुन्हा सुरू केली, आणि सगळे मागे आले. सूर वळला तिथे मंडळीही वळली. घड्याळवालेसुद्धा. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते डोळे मिटून, अगदी वेळेवर वळले.

उपासना संपल्यावर ते मशीन काखेत मारून ऑर्गनपाशी आले. पाळकसाहेब मागोमाग, भांडण झालं तर मध्ये उभं राहायला.

"ताई, एक विचारू? ते शेवटच्या कडव्यात. ते वहीत आहे?"

ताई खोटं बोलत नाहीत. आणि त्या वेळी तर चर्चमध्येच होत्या. "नाही. माझी चूक होती."

"आणि दुसऱ्यांदा वाजवलंत ते?"

"तेही चुकीचंच. पण ते मी वाजवलं."

घड्याळवाले बंधुराजांकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मी हिचा डावा हात आहे," बंधुराज म्हणाले. "चूक डाव्या हाताची होती. म्हणजे माझीच."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझ्याकडे एक भिंतीवरचं घड्याळ आहे," ते म्हणाले. "बायकोच्या माहेरचं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. मी दुनियेची घड्याळं दुरुस्त केली, ते नाही केलं. रोज सकाळी उठून चार मिनिटं पुढे करतो." मशीन दुसऱ्या काखेत घेऊन ते म्हणाले, "हे मशीन मी शनिवारच्या बालवर्गाला देतो. पोरांना पाचवं कडवं नाहीतरी आवडत नाही."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही, आणि त्यांच्या आजवरच्या सगळ्या प्रवचनांत मला तेच सगळ्यात आवडलं.

"एक अट," घड्याळवाले जाता जाता म्हणाले. "डाव्या हाताने दर रविवारी सकाळी आठला हजर राहायचं."

बंधुराजांचा चेहरा पडला. "आठला?"

"पावणेआठला," ताई म्हणाल्या.

टेम्पोवाला निघून गेला होता. दुसरा मिळेना. म्हैस आम्हाला हातानेच घरी न्यावी लागली. बंधुराजांनी जड बाजू धरली, मी मधे, आणि ताईंनी मला बाजूला सारून म्हशीची मान धरली. डाव्या हाताने. बोटं एकदा बसली की लवकर उठत नाहीत, ते इथे कामी आलं.

पुढच्या कोपऱ्यावर आम्ही दम खायला थांबलो.

"तुला कसं रे कळलं, तिथून कुठे जायचं ते?" ताईंनी विचारलं.

"कुठे कळलं होतं?"

"मग?"

"तू चुकलीस म्हणजे तिकडे काहीतरी असणार असं वाटलं," बंधुराज म्हणाले. "तू काय उगाच चुकणारी आहेस?"

पदराने ताईंनी आधी डोळे पुसले आणि मग, कुणी बघू नये म्हणून, म्हशीवरची धूळ पुसली. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाल्या, "उद्या चारला तालीम. आणि ते तारा तोडायचं मला शिकव जरा. ऐकायला इतकं काही वाईट नाही."