दारापाशी भाषा, फळ्यापाशी गणित

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई उगाच चिडतात. बाई उगाच चिडत नाहीत. एकतीस वर्षं मी एका खोलीत शाळा चालवली आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना एक साहेब आले, दारात उभ्या उभ्या मुलं मोजली आणि गेले. अकरा. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं वरून ठरलं होतं. मी भांडले, पत्रं लिहिली, पालकांना घेऊन ऑफिसात ठाण मांडलं. पण मुलं अकराच होती आणि पुढच्या वर्षी आठ होणार होती. आकड्यांशी मी तरी किती भांडणार, गणित मीच शिकवत होते.

आमच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. कागदावर असतील, खोलीत नव्हत्या. खोलीत चार जागा होत्या: दार, कपाट, खिडकी आणि फळा. ज्याने एखादा विषय नुकता सुरू केलाय तो दारापाशी बसायचा, जमायला लागला की कपाटापाशी, मग खिडकीपाशी, आणि ज्याला चांगला येतो तो फळ्यापाशी. विषय बदलला की सगळी पोरं दप्तरं उचलून जागा बदलायची आणि दोन मिनिटं नुसता धुमाकूळ चालायचा. एकच पोर गणिताला खिडकीपाशी आणि चित्रकलेला दारापाशी. त्यात कोणाला काही वाटायचं नाही, कारण कशाला ना कशाला प्रत्येकजण दारापाशी असायचाच. मीसुद्धा. गाण्याच्या तासाला मी दारापाशी बसायचे आणि पोरं मला शिकवायची. माझा आवाज म्हणजे गंजलेली कडी, एकतीस वर्षांत मी कपाटापर्यंतही पोचले नाही.

त्या अकरांत एक मुंगी होती. हजेरीत तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण चण लहान, तोंडाने गप्प आणि एकदा निघाली की वाट सोडायची नाही, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणायचे. वय बारा. घरी बाप-लेक दोघंच. बाप ड्रायव्हर, तोही माझ्याच हाताखाली शिकलेला. मुंगी गणितात फळ्यापाशी, म्हणजे इतकी फळ्यापाशी की मीच कधी कधी तिच्याकडून उत्तर तपासून घ्यायचे. वाचनात मात्र दारापाशी. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती म्हणायची. एक ओळ वाचायला तिला पाच मिनिटं लागायची, पण सहा वर्षांच्या दोन पोरांच्या मध्ये बसून ती रोज वाचायची. गेल्या वर्षी पाचाची चार मिनिटं झाली होती. पुढच्या तासाला तीच दोन पोरं बेरजा घेऊन तिच्यापुढे उभी राहायची, म्हणून फिट्टंफाट होती.

आता माझी चूक सांगते. शाळा बंद करताना प्रत्येक मुलाचा दाखला भरायचा होता आणि त्यात इयत्तेचा एकच रकाना होता. माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, माझी मुलं मी एका आकड्यात कोंबणार नाही. आणि त्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, मुंगीच्या नावापुढे लिहिलं: भाषा दारापाशी, गणित फळ्यापाशी. बाकी दहांचंही तसंच. चार दिवसांनी मोठ्या शाळेतल्या क्लार्कचा फोन आला. दार आणि फळा सामानाच्या यादीत दिसत नाहीत, ते वेगळे पाठवलेत का, असं विचारत होते बिचारे. मी पोट धरून हसले आणि काही न समजावता फोन ठेवून दिला.

ते हसू अंगाशी आलं. दाखल्यावर इयत्ता नाही म्हटल्यावर मोठ्या शाळेने अकरा मुलांची लेखी परीक्षा घेतली. गणितंसुद्धा गोष्टीसारखी लिहिलेली, आधी वाचा आणि मग सोडवा. दहाजण कुठे ना कुठे बसले. मुंगीचा वेळ पहिल्याच पानावर संपला आणि तिला दुसरीत घातलं. पहिल्या दिवशी ती त्या चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. एका पोराने विचारलं की तू मुलगी आहेस की नवीन बाई. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मुंगी बसमधून उतरलीच नाही.

बस तिचा बापच चालवत होता. शाळा मिसळल्या तेव्हा मुलांना आणायला-न्यायला ही बस मिळाली. सकाळी एकोणीस किलोमीटर यायचं, दिवसभर मैदानाच्या कडेला थांबायचं आणि दुपारी परत. मीही त्याच बसने येत होते, कारण माझीही बदली तिथेच झाली होती. सगळे उतरले की मुंगी मागच्या सीटवर तशीच बसून राहायची. बाप ओरडणारा नव्हता. तो दार उघडं ठेवून पायरीवर बसायचा, की तिला वाटलं तर उतरता यावं. असे तीन दिवस झाल्यावर मी परत बसमध्ये चढले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मुंगे, उतर."

"नाही."

"का नाही?"

तिने खिडकीतून दुसरीच्या वर्गाकडे बोट केलं. मग म्हणाली, "बाई, इथे मी फक्त दारापाशीच आहे."

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिला हसणाऱ्या पोरांचा राग नव्हता, माझाही नव्हता. तिची अर्धी शाळा हरवली होती आणि ती मी हरवली होती, रकान्यात आकडा न लिहिण्याच्या रुबाबापायी. मी तिला काही वचन वगैरे दिलं नाही. खाली उतरले आणि तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

या सरांना सगळे मोठे सर म्हणत. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने शांत, आणि शांत माणसांशी भांडणं मला फार जड जातं. मी म्हटलं, तिला आठवीत बसवा. ते म्हणाले, भाषेला काय करेल? बरोबर होतं. मी म्हटलं, मग गणितापुरतं आठवीत बसवा. ते म्हणाले, दुसरीला गणित असतं तेव्हा आठवीला इतिहास असतो. तेही बरोबर होतं. त्यांच्यामागे भिंतभर वेळापत्रक होतं, खिळ्यांना रंगीत पुठ्ठे अडकवलेलं, गणिताचे पिवळे, भाषेचे निळे. ते बसवायला त्यांची अख्खी सुट्टी गेली होती. वर एक नियमही त्यांनी सांगितला. तीस दिवस मूल वर्गात आलं नाही, तर त्याचं नाव पटावरून कमी करावं लागतं, आणि बस म्हणजे वर्ग नव्हे. त्यातले तीन दिवस संपले होते.

मी विचारलं, शाळा सुटल्यावर या पुठ्ठ्यांशी खेळले तर चालेल का. बाई कंटाळतील, असं वाटून ते हो म्हणाले. ड्रायव्हरला सांगितलं की मुलांना सोडून मला न्यायला परत ये, आणि चार दिवस मी स्टुलावर चढून पुठ्ठे काढत आणि लावत होते. सगळे पिवळे पुठ्ठे पहिल्या तासाला आणायचे, एवढंच करायचं होतं. अख्ख्या शाळेचं गणित एकाच वेळी, म्हणजे ज्याचं गणित ज्या खोलीत, तो तास त्याने त्या खोलीत बसायचं. ऐकायला सोपं. पण खेळाचे सर दोन वर्गांना गणित शिकवायचे आणि त्यांना सकाळचं मैदान हवं होतं, चित्रकलेच्या मॅडमना बेरीज म्हटलं की घाम फुटायचा. खेळाच्या सरांशी मी भांडले. मॅडमना सर्वांत सोपी खोली दिली आणि रोज अर्धा तास त्यांच्याबरोबर बसले. पाचव्या दिवशी मोठ्या सरांना भिंतीपुढे उभं केलं आणि म्हटलं, काढा चूक. त्यांना एकही सापडली नाही.

पण ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "बाई, पुठ्ठे बसले हो. पण आठवीतला मुलगा गणिताला चौथीत जाऊन बसायचा म्हणजे त्याला लाज नाही वाटणार? पालक मला फाडून खातील."

"लाजेचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

शिक्षक आणि पालकांना पटवायला आणखी दोन आठवडे गेले. शेवटी त्यांनी एक महिना दिला, तोही अटीवर: एक जरी मूल लाजेने वर्गातून पळालं, तर पुठ्ठे जुन्या खिळ्यांवर. सुरुवात पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी. लाजेचं काय करायचं, याची मला काडीचीही कल्पना नव्हती. तोंड पुढे धावतं ना माझं, डोकं मागून येतं.

डोकं आलं ते बसमध्ये बसल्यावर. दुसऱ्या दिवशी गाण्याच्या मॅडमना विचारलं आणि पहिलीच्या गाण्याच्या तासाला दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे हनुवटीशी. पहिलीचा वर्ग मैदानाकडे तोंड करून होता, त्याची दोन्ही कवाडं उघडी. मी तोंड उघडलं आणि अख्खी शाळा खिडकीत गोळा झाली. आठवी-नववीची पोरं तर पोट धरून हसत होती. डस्टर हाताशी होता, देवाशपथ फेकून मारावासा वाटला. पण मी गिळलं सगळं आणि गात राहिले. शेजारची सहा वर्षांची पोरगी कोपराने ढोसून सांगत होती, "आजी, आवाज वर घ्या, वर."

रोज गेले. चौथ्या दिवशी खिडकीत गर्दी कमी झाली. सहाव्या दिवशी मोठी दोन पोरं येऊन म्हणाली की आमचाही आवाज भयंकर आहे, बसू का. म्हटलं, बसा, पण माझी दारापाशीची जागा मिळणार नाही. कोणी विचारलंच तर मी सरळ सांगायचे की मी गाण्यात पहिलीत आहे आणि गणितात हवं ते विचारा. समोरच मैदानापलीकडे बस उभी असायची. आधी मुंगी मागच्या सीटवर होती, मग मधल्या, मग ड्रायव्हरच्या मागच्या. मी तिच्याकडे बघायचे नाही. बघितलं असतं तर ती परत मागे गेली असती, मी ओळखते तिला.

सोमवार उजाडला. सव्विसावा दिवस. गणिताच्या खोल्यांची यादी व्हरांड्यात लावली होती. घंटा झाली आणि अडीचशे पोरं दप्तरं उचलून निघाली, आमच्या जुन्या खोलीतला धुमाकूळ वीसपटीने. माझं मन हरखलं, खोटं कशाला सांगू. मग पोरं खोल्यांत शिरली, व्हरांडा रिकामा झाला आणि एकटाच उरला आठवीतला एक उंच मुलगा, फुटबॉलच्या संघाचा कप्तान. त्याला चौथीची खोली आली होती. एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर, कान लाल. आतून चौथीची पोरं टकामका बघत होती. व्हरांड्याच्या टोकाला मोठे सर उभे होते. आता हा पळणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

तेवढ्यात बसच्या पायरीवरून मुंगीचा बाप उठून बाजूला झाला. मुंगी उतरली. तिचं नाव आठवीच्या खोलीपुढे होतं, हे बापाने तिला सांगितलं होतं, आणि तिकडची वाट चौथीवरूनच जात होती. ती मैदान ओलांडून सरळ आली, त्या मुलापाशी थांबली. तिचं डोकं त्याच्या कोपराएवढं.

"दारापाशी बस," ती म्हणाली. "तिथे वारा येतो."

एवढंच. ती पुढे गेली आणि आठवीच्या खोलीत शिरली. त्या मुलाने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि दाराजवळच्या बाकावर लांब पाय दुमडून बसला. मोठे सर आपल्या खोलीत गेले.

पण माझा जीव अजून टांगलेलाच होता. तास संपला की भाषेचा तास, म्हणजे दुसरीचा वर्ग, तेच चिमुकलं बाक. गणितापुरती उतरली आणि परत बसमध्ये गेली, तर उपयोग काय? घंटा झाली. मुंगी हाताला खडू माखलेला, दप्तर खांद्यावर, अशी बाहेर आली. तिने एकदा बसकडे पाहिलं. बाप दार उघडं धरून उभाच होता. मग ती वळली, दुसरीच्या वर्गात गेली आणि दारापाशी गुडघे वर घेऊन बसली. पुस्तक उघडलं. वाचायला लागली, एकेक अक्षर, मध्ये इतकी थांबत की मी भिंतीला टेकून डोळे पुसले. शेजारचं पोरगं ओळीखाली बोट धरून तिची वाट बघत होतं.

तिकडे मैदानाच्या कडेला बापाने सव्वीस दिवसांत पहिल्यांदा बसचं दार लावलं. हात पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, बाई, चला, चहा घेऊ.

मी म्हटलं, "थांब रे जरा. माझा गाण्याचा तास आहे."