डाव्या हाताचा बोरू

“बसा, साहेब. ज्ञानूचंच काम असणार.” आकाराम गुरुजींनी वर न बघताच बोरूचं टोक तिरकं छाटलं.

कुंडलच्या शाळेतून ते त्र्याहत्तर साली निवृत्त झाले. त्याला आता चार वर्षं होत आली, तरी गावातल्या पोरांचे बोरू तेच तासून देत. शेजारच्या ज्ञानू पेंटरच्या मृत्यूच्या दाव्याची चौकशी करायला आयुर्विमा महामंडळाचे तपासनीस इनामदार आज तिसऱ्यांदा त्यांच्या ओसरीवर आले होते.

श्रावणात कृष्णाकाठच्या गाळात एक प्रेत सापडलं होतं. चेहरा माशांनी खाल्लेला. ज्ञानूची बायको रंगूबाई छाती पिटत म्हणाली होती, “गुरुजी, तुमीच बगा. तुमी म्हनाल त्येच खरं.” अंगावर निळ्या रेघांचा सदरा होता. गुरुजींनीच दिवाळीत ज्ञानूला शिवून दिलेला. “हा आमचाच ज्ञानू आहे,” म्हणून त्यांनी पंचनाम्यावर सही केली. गुरुजींनी ओळखलं म्हटल्यावर फौजदारानंही पुढं काही विचारलं नाही. ज्ञानूला मूलबाळ नव्हतं. अग्नीही गुरुजींनीच दिला.

इनामदारांनी एक कागद पुढं केला. “जतमध्ये एक नवा पेंटर आलाय. दादासो म्हणवतो. पाटी रंगवायच्या आधी हा नमुना त्यानं काढून दिला. अक्षर ओळखता?”

गुरुजींनी चष्मा पुसून घातला. जिथं रेघ जाड यायची तिथं बारीक होती, बारीक यायची तिथं जाड.

ज्ञानू दुसरीत त्यांच्या वर्गात आला, तो डावखुरा. आधीचे मास्तर त्या हातावर पट्टी मारत. गुरुजींनी त्याच्यासाठी बोरू उलट्या बाजूनं छाटला आणि सांगितलं, “तुझ्या हातानं लिही. अक्षर वेगळं दिसलं तर दिसू दे.” एवढ्या वर्षांत तसा बोरू त्यांनी दुसऱ्या कुणाला करून दिला नव्हता.

इनामदारांची फटफटी बघून रंगूबाई शेजारून धावत आली होती. कागद दिसला तशी ती उंबऱ्याशीच थबकली.

“आवं गुरुजी, न्हाई म्हना की! तुमच्या एका सबदाचं तर काम हाय.”

“रंगू, त्या मयताच्या अंगात सदरा कुणी घातला?”

ती पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “मानूस पुरातनं वाहून आल्यालं. आमी मारलं न्हाई, गळ्याशपथ. आमचं ह्येच म्हनालं, सदरा वळकला की गुरुजी दुसरं काय बगायचं न्हाईत.”

गुरुजींच्या हातातला चाकू खाली आला.

“तसंच झालं,” ते म्हणाले. “साहेब, लिहा.”

वर्गात शुद्धलेखन घालावं तसे ते एकेक शब्द सावकाश सांगू लागले. “मयताची उंची साडेपाच फूट. उजव्या पायाची करंगळी नाही. जखम जुनी, भरून आलेली. अग्नी देण्याआधी पाय धुताना मी पाहिली होती. पाहूनही गप्प बसलो, हेही लिहा.”

“आणि नाव?”

“ठाऊक नाही. तेवढी जागा मोकळी सोडा. त्याची कुणीतरी वाट बघत असेल.”

गुरुजींनी खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.