हिरव्या पट्ट्याच्या पार

वडनेरला ग्रामपंचायतीत हाडांच्या तपासणीचं फुकट शिबीर होतं. मशीनमध्ये टाच ठेवायची, मिनिटभरात कागद बाहेर. आकडा लाल पट्ट्यात आला की हाडं ठिसूळ, हिरव्यात आला की चांगली. बायांचे आकडे बहुतेक उणेच. माझ्या नवऱ्याचा, देवानंदचा, अधिक सहा आला. हिरवा पट्टा ओलांडून कागदाच्या काठाशी.

"लोखंड आहात दादा तुम्ही!" मशीनवाला म्हणाला. सरपंचांनी तिथल्या तिथे शाल-नारळ दिला. सासरे, पंजाबराव, मिशीत हसले. "आमच्या घराण्याचं हाड हाय ते."

मी बी.एस्सी. झालेली. आकडा इतका वर गेला तर तो चांगलाच कशावरून? आणि लोखंडाच्या माणसाचा हात साध्या सायकलवरून पडून दोनदा कसा मोडतो? सासऱ्यांचाही जबडा सारखा पिकायचा, दात पन्नाशीतच गेले. मी मनातल्या मनात जुळवत बसले.

भांडून देवानंदला अकोल्याला नेलं. तिथल्या मोठ्या मशीनवर कमरेचा आकडा अधिक आठ. एक्स-रेत हाडं पांढरीफटक, मधली पोकळी बुजलेली.

"जुनं हाड झिजून नवं यावं लागतं. यांचं झिजतच नाही, थरावर थर चढतात," डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांच्या जबड्याचंही मी त्यांना सांगितलं होतं. "मशीन फक्त दाटपणा मोजतं. दाट आहे, पण खडूसारखं कटकन तुटेल. हे वडिलांकडून आलेलं दिसतं. मुलीचाही एक्स-रे काढा."

मयुरी साडेचार वर्षांची.

घरी सासरे भडकले. "पोरीचा फोटो काढला का गावभर होईन. उद्या कोण करीन तिले? शिकलेली सून आणली, ते याच्यासाठी?"

देवानंद म्हणाला, "मशीनीचं खोटं अन् डॉक्टरचं खरं, हे काऊन?"

"दोघायलेही तेच दिसलं हो."

"मंग?"

"मयूचा तरी काढू द्या."

"नाही म्हणलं ना, पूनम!"

हनुमान जयंतीला मारोतीच्या पारापुढे ताकद दाखवायला जड दगडी गोटा उचलतात. देवानंदने त्याला कधी हात लावला नव्हता. यंदा पोरं त्याला सोडेनात. "काय बे लोखंड, शाल थंडीसाठी घेतली का?"

मी गर्दीत घुसून त्याचा सदरा धरला. "घरी चला."

"वहिनी, तुमच्यावर नाही पाडत तो गोटा!" सगळे हसले. त्याने माझी बोटं सोडवली.

गोटा गुडघ्यापर्यंत आला आणि वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मांडी नको तिथे वळली. मागची पोरं अजून ओरडतच होती, "उचल, उचल!"

ऑपरेशनला फार वेळ लागला. सळई बसवताना दोन ड्रिल तुटले, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाड जुळेल की नाही, याचा शब्द दिला नाही.

देवानंद शुद्धीवर आला. पायाकडे त्याने पाहिलंच नाही. "मयूले आणलं का?"

"हाव. खाली मामंजीजवळ हाय."

"तिचा फोटो काढून घे."

सासरे बाकावर बसले होते. मी मयुरीला उचललं तेव्हा त्यांनी नुसती मान वळवली.

एक्स-रेच्या थंड टेबलावर ती रडायला लागली, पाय झाडायला लागली.

"ताई, हलू देऊ नका. धरा तिला," एक्स-रे काढणारा म्हणाला.

मी तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले. किती जोरात धरायचं, तेच मला कळेना.

"घट्ट धरा ना," तो पुन्हा म्हणाला.