बोटभर माती

चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एकच धर्म ठाऊक असतो: नोंद नाही, तर माल नाही. निवृत्त झाल्यावरही स्टोअरकीपरच्या खिशातली डायरी सुटली नव्हती. गिरणीतून दळण आणलं, नोंद. नळाचा वायसर बदलला, नोंद. बायको गेली त्या दिवसाचं पान मात्र त्याने कोरंच ठेवलं.

तिच्या मागे उरला ओट्यावरच्या खिडकीतला मनी प्लांट. तो घ्यायला सगळे रोपवाटिकेत गेले होते तेव्हा सून फुलांच्या कुंड्यांपाशी घुटमळत होती आणि बायकोने कोपऱ्यातलं हे किडकिडीत रोप उचललं.

"स्वयंपाकघरात धूर, वाफ, तेलाचे शिंतोडे. तिथे देखणं टिकत नाही गं, सोशिक टिकतं. माझ्याकडे बघ!"

"म्हणजे देखणी नव्हतीस हे कबूल?" स्टोअरकीपरने खडा टाकला.

"तुम्ही तरी कुठे तपासून घेतलात माल!"

ती गेल्यावर आठवड्याने त्याने डायरीत लिहिलं: झाड, पाणी, दुपारी चार. चारला दोघं मिळून चहा घेत. आता एक कप त्याचा, एक भांडं झाडाचं. शेजारी बरोबरची खूण. एवढं एक हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. तहानलं असेल म्हणून त्याने दोन भांडी घातली. खालच्या बशीत पाणी साचलेलं दिसे. भांडी घासताना उडालं असेल, असं म्हणून तो ते ओतून टाकी.

एका रविवारी मुलाने खिडकी पुसायला कुंडी सरकवली आणि अख्खी वेल त्याच्या हातात आली. खाली मुळांचा काळा गाळ.

"बाबा, झाड सांभाळत नव्हता का तुम्ही?"

"मी? ही बघ डायरी. एक दिवस खाडा असेल तर नाव बदलेन!"

मुलगा डायरीकडे बघतच राहिला. "मीही पाणी घालत होतो," तो हळूच म्हणाला. "सकाळी, कामावर निघताना. आई डबा भरायची ना, त्या वेळी."

सून दारातच थबकली. दवाखान्यात नर्स असलेली ती पोर, दिवसभर दुसऱ्यांना धीर देणारी. "आणि मी संध्याकाळी. तांदूळ धुतलेलं पाणी."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. समोरच्याला रडू येऊ नये म्हणून या घरात गेलेलीचा विषय कुणी काढत नव्हतं. ठरवलं कुणीच नव्हतं, पाळलं मात्र सगळ्यांनी. ज्याला त्याला वाटत होतं, झाडाला आपल्याशिवाय कोणी नाही.

"पाणी किती घालायचं, ते सांगितलं नव्हतं का तिने?" स्टोअरकीपर चिडून म्हणाला.

"सांगायच्या की, बाबा," सून म्हणाली. " मातीत बोट घालून बघायचं. पेरभर कोरडी लागली तरच घालायचं."

"मग बघितलं का नाहीस?"

"तुम्ही बघितलंत?"

चाळीस वर्षं आत आलेला प्रत्येक नग त्याने हाताने चाचपून घेतला होता. या मातीला एकदाही हात लावला नव्हता.

सुनेने देठ चिरून बघितला. हिरवं कुठेच नव्हतं. वेल कचऱ्यात गेली. कुंडी उचलायला कुणाचाच हात होईना, म्हणून ती राहिली.

पुढे पंधरा दिवसांनी, दुपारी चारला, चहाचं आधण ठेवून तो खिडकीपाशी गेला आणि मातीत बोट घालायला वाकला. मातीत आधीच दोन बोटांची भोकं होती. एक जाड, एक बारीक.

त्याने शेजारी तिसरं केलं. पेरभर खोल, माती कोरडी ठाक लागली.

आता पाणी घालायला काही हरकत नव्हती.