दोन माणसांचं खुराडं

बायजाने मोडक्या खिडकीची चौकट गुडघ्याखाली दाबली आणि गंजका खिळा दगडाने ठोकून सरळ केला. खिळा सरळ झाला, बोट मात्र ठेचलं. ते तोंडात धरून ती तशीच बसून राहिली. उठायचंही जिवावर आलं होतं.

अंगणाच्या पलीकडच्या कडेला थोरली जाऊ कृष्णाबाई वालाच्या वाफ्यात वाकली होती. नुकते वर आलेले कोंब बायजाच्या कोंबड्यांनी पुन्हा उकरले होते. सकाळीच तिने सुनावलं होतं,

"उद्या एक जरी हिकडं दिसली ना बायजे, तर सगल्या नितेशच्या चिकनच्या दुकानात पोचवीन."

रोह्याहून मुलगा विशालही फोनवर तेच म्हणाला होता.

"ईक ना गो आये. अंडी काय बाजारात मिळत नाय?"

अंडी मिळत होती. पण नवरा, गुणाजी, गेल्यापासून सकाळी दार उघडल्यावर पायांत घोटाळणारं दुसरं कुणी घरात उरलं नव्हतं.

म्हणून हे बिनबुडाचं खुराडं. आज इथे, उद्या तिथे उचलून ठेवलं की कोंबड्या आतल्या आत चरणार. जोहे गावच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून टाकून दिलेल्या फळ्या, तुटक्या खाटेचे पाय, मासेमारीचं विरलेलं जाळं. वर छपराला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. हसरा चेहरा आत आला, कोंबड्यांच्या बाजूला.

उन्हं कलताना काम उरकलं. कोंबड्या आत कोंडून बायजा उचलायला उभी राहिली आणि थबकली. दांडे पुढेही होते, मागेही. मिठागरात बांधाचा चिखल वाहायची दोघांनी धरायची पाटी अशीच असे. गुणाजी पुढे, ती मागे. सबंध जन्म तेच उचललेलं. आजही हातांनी न विचारताच दोघांचे दांडे लावले होते.

तिने एकटीने ओढून पाहिलं. मागची कड मातीत रुतली, एक कोंबडी खाली सापडता सापडता किंचाळली. बायजाने दांडे सोडले. फळीवर टेकून ती मोबाईलमध्ये नितेशचा नंबर शोधू लागली.

"असं वढशील तर तंगड्या मोडतील त्यांच्या."

कृष्णाबाई लुगड्याला हात पुसत उभी होती.

"मंग काय करू, जाऊबाय?"

"दोघांचं बनवलंस नि एकटी वढतेस. अक्कल म्हून नाय."

बोलता बोलता तिने मागचे दांडे धरलेही.

"हो पुढं. मला आता सांजचं दिसत नाय."

बायजा पुढे झाली. पुढून चालायची तिला सवय नव्हती; पावलं अडखळत होती.

"हलू गो, पलतेस काय?"

"ठेवू कुठं?"

"त्या कडेच्या वाफ्यात. तितं काय उरलंय आता? खाल्लं तितं हगू दे तरी तुझ्या भवान्यांना. खत व्हईल."

खुराडं टेकलं. कोंबड्या लगेच माती उकरू लागल्या. कृष्णाबाई कंबरेवर हात ठेवून कण्हत सरळ झाली आणि घराकडे वळली. पायरीशी थांबून, मागे न बघताच म्हणाली,

"सकाली हाक मार. लई लवकर नको, गुडघे आखडतात माजे."